चर्चच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनची दुरुस्ती: जानेवारी ते जुलै २०२५ च्या नोंदी

१२ जानेवारी, रविवार

आमच्या वसईतल्या चर्चच्या माळ्यावर एक इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आहे. युरोपात बनलेला, ऐंशीच्या दशकातला, दोन मॅन्युअल (हातांनी वाजवायच्या कीजच्या रांगा), प्रत्येकी ६१ कीज, खाली ३० पेडल्स. गावातल्याच एका कुटुंबाने परदेशातून आणून दिलेला. नाताळच्या रात्रीच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) त्याने अक्षरशः मान टाकली, आधी नुसती घूं घूं, मग काही सूर गायब, मग आवाज इतका बारीक की खाली बसलेल्यांना फक्त गायनमंडळच ऐकू येत होतं.

आज मिस्सेनंतर मीटिंग झाली. नव्या डिजिटल ऑर्गनचं कोटेशन साडेसात लाखांच्या वर आलंय. दुसरा पर्याय म्हणजे साधा कीबोर्ड घ्यायचा आणि हा भंगारात द्यायचा. मास्तर मीटिंगमध्ये काही बोलले नाहीत, एकतीस वर्षं हाच ऑर्गन वाजवतायत ते. नंतर जिन्यात मला म्हणाले, "एकदा उघडून तरी बघ रे." मी नोकरीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, सोल्डरिंगची सवय आहे, पण ऑर्गन कधी उघडलेला नाही. फादरांकडे ईस्टरपर्यंतची मुदत मागितली आणि त्यांनी दिली.

मुदत ईस्टरचीच का, तर उपवासकाळात ऑर्गन फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवतात आणि पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर (मिस्सेतलं स्तुतिगीत) तो अगदीच बंद असतो. परत सुरू होतो तो ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्सेत, ग्लोरियाला, घंटांबरोबर. म्हणजे १९ एप्रिलची रात्र. मार्च-एप्रिलमध्ये उसन्या कीबोर्डवर भागेल, पण त्या रात्री हा वाजायलाच हवा.

१८ जानेवारी, शनिवार

मागची फळी उघडली, १४ स्क्रू, त्यातले ३ गंजलेले. आत उंदरांचं घर, जुन्या गीतपत्रिकांचे तुकडे, आणि पेडलकडे जाणाऱ्या वायरींचं इन्सुलेशन दोन जागी कुरतडलेलं. ब्रश आणि व्हॅक्युमने साफ करायला अडीच तास गेले. मास्क लावा, उंदरांची घाण आहे ती.

इथे पहिली चूक झाली. सहा कनेक्टर काढले आणि फोटो काढले फक्त चारांचे. उरलेले दोन दिसायला अगदी सारखे. कोणता कुठला हे वायरींच्या रंगावरून शोधायला पाऊण तास गेला. काहीही काढायच्या आधी मास्किंग टेपवर नंबर घालून दोन्ही बाजूंना चिकटवा, फोटोवर विसंबू नका.

१९ जानेवारी, रविवार

आज स्क्रू ड्रायव्हरला हात नाही लावला. मी आणि माझा भाचा, तो इंजिनिअरिंगला आहे, दोघांनी मिळून एकेक की, एकेक स्टॉप (आवाजाचा प्रकार) तपासून वहीत तक्ता केला. सव्वादोन तास लागले, पण पूर्ण कामात सगळ्यात उपयोगाचे ठरले ते हेच सव्वादोन तास.

या पिढीच्या ऑर्गनमध्ये सूर कसे तयार होतात तेवढं कळलं की दोष कुठे आहे ते तक्ताच सांगतो. आमच्यात २ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक ऑसिलेटर (ठरावीक वेगाचा सिग्नल तयार करणारं सर्किट) आहे. त्याचा सिग्नल १६ पायांच्या एका चिपमध्ये जातो, ती त्याला २३९, २५३, २६८ अशा ४७८ पर्यंतच्या ठरलेल्या आकड्यांनी भागते आणि सगळ्यात वरच्या सप्तकाचे बारा सूर देते. मग प्रत्येक सुराला स्वतःची एक डिव्हायडर चिप, ती दर पायरीला निम्मं करत सात पायऱ्या खाली उतरते. म्हणून एकच सूर सगळ्या सप्तकांत मुका असेल तर दोष वरच्या चिपपाशी किंवा तिथून निघणाऱ्या जोडणीत. सूर वर बोलतो आणि एका ठिकाणापासून खाली मुका होतो, तर त्याचा डिव्हायडर गेलाय. एकच की एकाच मॅन्युअलवर मुकी, तर तिचा कॉन्टॅक्ट. आणि सगळ्या कीजवर एकच स्टॉप मुका असेल तर त्या स्टॉपचा टॅब (बटण) किंवा फिल्टर.

आमचा तक्ता असा निघाला: बी-फ्लॅट सगळीकडे मुका. एफ मधल्या सी-च्या वर बोलतो, खाली सगळा मुका. वरच्या मॅन्युअलवर १४ आणि खालच्यावर ९ कीज खरखरतात. घूं घूं कायम, आवाजाच्या पेडलचा काही परिणाम होत नाही. म्हणजे पाच वेगवेगळे आजार. आधीच्या लोकांनी ते एकच समजून उपाय केले असावेत, कारण आत वेगवेगळ्या रंगाचं सोल्डर दिसतंय.

२५ आणि २६ जानेवारी

शनिवारी लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. वसईहून फास्ट पकडली तर मुंबई सेंट्रलला उतरून चालत जा, फास्ट गाड्या ग्रँट रोडला थांबत नाहीत. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, हे काम शनिवारीच करा. पॉवर सप्लायचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घेतले, १०५ डिग्रीचे, व्होल्टेज मूळपेक्षा एक पायरी जास्त. १,८५० रुपये.

रविवारी बदलले. जुन्यातले दोन मोठे खालून फुगलेले होते आणि एकातून तपकिरी चिकट पाझरलेलं. ऑर्गन बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा रेझिस्टर लावून तो उतरवा, मीटरने बघा आणि मगच हात घाला.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्प लावला, १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब. (हल्ली सहज मिळत नाहीत, मला एका मंडपवाल्याकडे मिळाला.) बल्ब क्षणभर उजळून मंद झाला म्हणजे ठीक, तसाच उजळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मंद झाला. सप्लायचे व्होल्टेज बरोबर आले आणि घूं घूं पूर्ण गेली. मास्तर खुर्चीवर बसून होते, त्यांनी उजव्या हाताने एकच कॉर्ड धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

दुसरं काहीही करायच्या आधी पॉवर सप्लाय करा. सप्लाय घाण असेल तर पुढचं प्रत्येक माप खोटं येतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

खरखरणाऱ्या कीजवर कॉन्टॅक्ट स्प्रे मारला. दहा मिनिटांत २३ च्या २३ कीज स्वच्छ बोलायला लागल्या, आणि मी दोन तास लवकर घरी गेलो. पुढे १५ तारखेची नोंद वाचल्याशिवाय कृपया हे करू नका.

८ आणि ९ फेब्रुवारी

एफचा डिव्हायडर. मूळ चिप आता कोणी बनवत नाही, पण सात पायऱ्यांचा डिव्हायडर म्हणून सीडी ४०२४ अजून सर्रास मिळतो, तिसेक रुपयांना, आणि आमच्या बोर्डवरच्या १२ व्होल्टवर आरामात चालतो. दोन्ही १४ पायांच्याच पण पायांची मांडणी जुळत नाही, म्हणून व्हेरोबोर्डच्या (भोकं आणि तांब्याच्या पट्ट्या असलेल्या बोर्डच्या) तुकड्यावर छोटा अडॅप्टर केला.

शनिवारी संध्याकाळी बसवला, खालचे एफ बोलले, आणि वीस मिनिटांनी गप्प झाले. हात जवळ नेला की परत बोलायचे! चार तास मी सोल्डरचे जोड तापवत बसलो, एक ट्रॅकही उचलला गेला. रविवारी सकाळी डेटाशीट शांतपणे वाचली तेव्हा कळलं की दोन नंबरचा पाय रिसेटचा, तो मी तसाच मोकळा सोडला होता. सीमॉस चिपचा इनपुट मोकळा सोडला की तो हवेतून काहीही पकडतो, हाताच्या जवळिकीनेसुद्धा बदलतो. तो पाय ग्राउंडला जोडला, काम संपलं. हे आधी वाचलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

१५ आणि १६ फेब्रुवारी

दोन आठवडे झाले आणि ३८ कीज खरखरतायत. आधी २३ होत्या. स्प्रेमध्ये तेल होतं, तेलाने माळ्यावरची धूळ धरली आणि ती बारीक स्प्रिंगच्या कॉन्टॅक्टवर बसली. शिवाय तेल शेजारच्या कीजपर्यंत पसरलं.

दोन्ही मॅन्युअल उचलून वर केले (मागच्या बिजागरीवर उभे राहतात, खाली लाकडी ठोकळा लावा, नुसत्या हातावर विश्वास ठेवू नका) आणि १२२ कीजचे कॉन्टॅक्ट एकेक करून साफ केले. बाँड पेपरची बारीक पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवायची, कॉन्टॅक्ट आणि बसबारच्या (कॉन्टॅक्ट जिला टेकतात ती सामाईक दांडी) मध्ये सरकवायची, की हलकी दाबून पट्टी ओढून काढायची, मग कोरडी पट्टी. पट्टी काळी निघते. सँडपेपर, ब्लेड, खोडरबर यातलं काहीही लावू नका, वरचा मुलामा इतका पातळ असतो की एकदा गेला की खालचा धातू आमच्या खाडीच्या हवेत एका पावसाळ्यात काळा पडेल. दोन दिवसांत ११ तास. पाठ धरली, पण खरखर गेली आणि आज जुलैपर्यंत परत आलेली नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हा दिवस लिहायला जड जातोय.

बी-फ्लॅट शोधत होतो. सिग्नल ऐकायला कॉम्प्युटरचा जुना स्पीकर, त्याच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एक रेझिस्टर, पुढे मीटरची सुई (प्रोब), असा ट्रेसर केला होता आणि तो छान चालत होता. वरच्या चिपच्या पायांवर एकेक सूर ऐकत गेलो. बी, ए, जी-शार्प सगळे होते. मग कपॅसिटर न लावता त्याच सुईने सप्लायचा पाय मोजायला गेलो, सुई घसरली आणि दोन पाय एकमेकांना टेकले. बारीक टिक असा आवाज आला आणि संपूर्ण ऑर्गन गप्प.

ती चिप १६ पायांची, तिच्यावर सगळे सूर अवलंबून, आणि तिचं उत्पादन कधीच बंद झालंय. मी खाली येऊन फादरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. मास्तरांना सांगायची हिंमत दुसऱ्या दिवशी झाली.

सुईला टोकापर्यंत हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, फक्त एक मिलिमीटर उघडं ठेवा. दोन रुपयांचा तुकडा. आणि दाट पायांच्या चिपवर चालू असताना थेट मोजू नका, त्याच लाइनवरचा लांबचा रेझिस्टर शोधून तिथे मोजा.

संध्याकाळी बोर्ड भिंगाखाली बघितला तेव्हा बी-फ्लॅटचा खरा दोष दिसला. कनेक्टरच्या पायाभोवती सोल्डरला गोल तडा. चिपपर्यंत जायची गरजच नव्हती. जोडण्या आधी भिंगाने बघायच्या असतात, मी उलटं केलं.

२ मार्च, रविवार

ऑनलाइन एका विक्रेत्याकडे जुन्या स्टॉकमधली चिप मिळाली, २,६०० रुपये, मागवलीय. ती येईपर्यंत भाचा म्हणाला, "मामा, सॉफ्टवेअरवाला ऑर्गन करून बघू." ग्रँडऑर्ग नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, खऱ्या पाइप ऑर्गनच्या प्रत्येक पाइपचं रेकॉर्डिंग घेऊन ते वाजवतं. स्वीडनमधल्या बुरेओच्या चर्चच्या ऑर्गनचा मोफत संच उतरवला, मिडी कीबोर्ड (कोणती की दाबली ते कॉम्प्युटरला कळवणारा) जोडला, चर्चच्या साउंड सिस्टीमवर सोडला. आवाज खरंच सुंदर आहे. खाली फुलं लावणाऱ्या बायका काम सोडून वर बघायला लागल्या.

तरी आम्ही तिकडे गेलो नाही. लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड कार्डवर की दाबल्यावर सूर जाणवण्याइतका उशिरा येत होता, त्यासाठी वेगळा ऑडिओ इंटरफेस हवा. ऑर्गनच्या १२२ कीज आणि ३० पेडल मिडीवर आणायला सगळं स्कॅनिंग नव्याने वायर करावं लागेल. आणि सकाळी साडेसहाच्या मिस्सेला मास्तर एकटे येतात, त्यांना एक बटण दाबून वाजवायला बसता आलं पाहिजे, कॉम्प्युटरने अपडेट मागितलं तर त्यांनी काय करायचं? ज्या चर्चमध्ये हे सांभाळणारा तरुण रोज हजर असतो तिथे मी हाच पर्याय सुचवेन, विशेषतः ऑर्गनचा आतला भाग पुरता गेलेला असेल तर.

१५ मार्च, शनिवार

वीस दिवसांनी चिप आली. बसवली, काही नाही. ॲसिटोनचा बोळा फिरवल्यावर वरचा छापलेला नंबर पुसला गेला आणि खाली दुसराच नंबर निघाला. विक्रेत्याकडून उत्तर नाही. २,६०० गेले, वीस दिवस गेले, आणि आता पाच आठवडे उरले.

२२ आणि २३ मार्च

भाच्याने तोडगा काढला. रास्पबेरी पाय पिको, प्रोग्राम भरता येणारा चारशे रुपयांचा छोटा बोर्ड. बारा सूर म्हणजे बारा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच वेळी, अखंड, एकमेकींना धक्का न लावता. साध्या प्रोग्रामने पिन वर-खाली केल्या तर सूर थरथरतो, पहिल्या प्रयत्नात तेच झालं, शनिवारचा पूर्ण दिवस त्यात गेला. पण पिकोच्या चिपमध्ये पीडब्ल्यूएमचे (ठरावीक वेगाने पिन चालू-बंद करणारे) आठ स्वतंत्र घटक आहेत आणि पीआयओचे (पिनांसाठी छोटे प्रोग्राम चालवणारे) आठ वेगळे, ते सगळे प्रोसेसरला न विचारता आपापले चालतात. आठ सूर पहिल्यांवर, चार दुसऱ्यांवर. १२५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर त्या सप्तकातल्या सुराला साधारण १६ ते ३० हजार ठोके मोजायचे असतात, त्यामुळे एखादा ठोका इकडेतिकडे झाला तरी सूर सेंटच्या (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) आठव्या भागाइतकाही हलत नाही. वरचा ए ७,०४० हर्ट्झला लावला, म्हणजे चार सप्तकं खाली बरोबर ४४०.

पिको ३.३ व्होल्ट देतो, आमच्या डिव्हायडरना १२ लागतात. बारा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, बेसला १० के, कलेक्टरला ४.७ के, एवढंच. सिग्नल उलटा होतो, पण चौकोनी लाटेला उलट-सुलटचा फरक पडत नाही. एक पिको मी १२ व्होल्टची वायर भलत्या पिनला लावून जाळला. दुसरा आणला.

२९ आणि ३० मार्च

सगळं जुन्या चिपच्या सॉकेटमध्ये बसेल अशा बोर्डवर सोल्डर केलं. बी-फ्लॅटचा तडा आधीच भरला होता. चालू केलं आणि बाराच्या बारा सूर, सगळी सप्तकं, दोन्ही मॅन्युअल. ३६ दिवसांनी ऑर्गन बोलला.

पण मागे एक बारीक शीळ ऐकू येत होती. पिकोला ५ व्होल्ट द्यायला मी छोटा स्विचिंग कन्व्हर्टर लावला होता, त्याचाच आवाज ऑडिओत शिरत होता. फिल्टर लावून बघितला, जागा बदलून बघितली, कमी झाली पण गेली नाही. पाडव्याच्या दिवशी दुकानं बंद, घरच्या डब्यात ७८०५ (साधा ५ व्होल्टचा रेग्युलेटर) मिळाला तो लावला आणि शीळ थांबली. पिको इतका कमी करंट घेतो की ७८०५ कोमटसुद्धा होत नाही. ऑडिओच्या पेटीत स्विचिंग सप्लाय टाळा.

ट्रेम्युलंट (सुराला कंप देणारी सोय) राहिला होता. जुन्या ऑर्गनमध्ये तो मुख्य ऑसिलेटरला हलवायचा, तो ऑसिलेटर आता वापरातच नाही. ट्रेम्युलंटचा सिग्नल कमी करून पिकोच्या अॅनालॉग इनपुटला दिला आणि प्रोग्राममध्ये सूर तेवढा हलवला. मास्तरांनी तीनदा कमी करायला लावला, मग म्हणाले, "हं, असाच होता."

५ एप्रिल, शनिवार

आवाजाचं पेडल. आत पोटेन्शिओमीटर असेल असं धरून चाललो होतो, तर आत एक छोटा ६ व्होल्टचा बल्ब, समोर एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा भाग) आणि मध्ये पेडलने सरकणारी पत्र्याची झडप. बल्ब उडालेला, म्हणून आवाज कायम खाली अडकलेला.

बल्बच्या जागी पांढरा एलईडी लावला, बल्बच्याच वायरींवर. पेडल चालायला लागलं पण दाबलं की आवाजाबरोबर गुरगुर वाढायची. तिथला सप्लाय एसी आहे. फिलामेंट तापलेली राहते म्हणून बल्बला फरक पडत नव्हता, एलईडी मात्र प्रत्येक फेरीला लुकलुकतो आणि एलडीआर ते बघतो. चार डायोडचा ब्रिज आणि एक कपॅसिटर लावल्यावर शांत. एकूण खर्च ४० रुपये.

६ आणि १२ एप्रिल

रविवारी मोठ्या आवाजात चाचणी घेतली तेव्हा एका चॅनलचा आवाज फाटत होता. आउटपुटचे ट्रान्झिस्टर २एन ३०५५. घाईत जवळच्या दुकानातून चार घेतले, ६० रुपयांना एक. पहिल्याच पूर्ण कॉर्डला दोन उडाले, फ्यूजही गेला. टोपी कापून बघितली तर आत नखाच्या टोकाएवढी सिलिकॉनची चकती. खऱ्याची चकती कितीतरी मोठी असते. या नंबरचे नकली बाजारात भरपूर आहेत. १२ तारखेला लॅमिंग्टन रोडवरून माहितीच्या दुकानातून १८० ला एक असे चार आणले, नवा मायका, नवी हीट पेस्ट. तासभर पूर्ण आवाजात चालवला, हीटसिंकवर हात ठेवता येत होता.

१३ ला झावळ्यांचा रविवार, गाण्याला आधार म्हणून वाजवला. काही झालं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

सरावाच्या वेळी डोक्यात एक गोष्ट आली. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्च पूर्ण अंधारात असतं, आणि आमच्याकडे ग्लोरियाला सगळे दिवे, पंखे एकदम लावतात. नेमकं त्याच क्षणी ऑर्गन सुरू होणार. म्हणून सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) एकाला उभं केलं, सगळे खटके एकदम टाकायला सांगितले. दिवे लागले, व्होल्टेज क्षणभर खाली गेलं आणि ऑर्गन मुका झाला. पिको अडकला होता.

रात्री साडेअकरापर्यंत बसलो. ७८०५ च्या आधी एक डायोड आणि ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे सप्लाय बुडाला तरी पिकोचा साठा वेगळा राहतो. शिवाय भाच्याने वॉचडॉग चालू केला, अडकलाच तर स्वतःहून क्षणात परत सुरू होईल. मग बारा वेळा खटके टाकले. बारा वेळा सूर टिकला. सॅक्रिस्टीतला पोरगा शेवटी म्हणाला, "अंकल, आता बल्ब उडतील."

१९ एप्रिल, शनिवार

गुरुवारच्या ग्लोरियानंतर ऑर्गन बंदच होता. काल हातही लावला नाही. आज दुपारी सुताराने पेडलच्या फटीला आणि मागच्या फळीला बारीक जाळी ठोकली.

रात्री मी माळ्यावर टॉर्च, फ्यूज आणि मीटर घेऊन मास्तरांच्या मागे बसलो. खाली मेणबत्त्या. वाचनं संपली, फादरांनी ग्लोरिया सुरू केला, घंटा वाजल्या, खटके पडले, दिवे लागले आणि मास्तरांचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम खाली गेले. लाकडी माळा पायाखाली थरथरला. मला त्यानंतरचं थोडा वेळ काही नीट दिसत नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

२१ ला पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली आणि पूर्ण आठवडा रोज त्यांच्यासाठी मिस्सा झाली, म्हणजे ऑर्गन रोज वाजला. एकदाही बंद पडला नाही.

खर्च: कपॅसिटर १,८५०, नकली ट्रान्झिस्टर २४०, खरे ७२०, अल्कोहोल, स्प्रे आणि सफाईचं सामान ६४०, डिव्हायडर आणि फुटकळ पार्ट ३१०, दोन पिको ८००, बोर्ड, सॉकेट, ट्रान्झिस्टर ४५०, ७८०५ वगैरे ६०, पेडल ४०, जाळी आणि सुतार १,२००, प्रवास १,१००, आणि ती नकली चिप २,६००. एकूण १०,०१०. तास वहीप्रमाणे ९४, त्यातले तीसेक माझ्या चुका निस्तरण्यात गेले.

६ जुलै, रविवार

पावसाळ्याची पहिली परीक्षा. पियानोत दमट हवेसाठी बल्ब लावायची जुनी पद्धत आहे, तशी आत तळाला १५ वॅटचा बल्ब लावलाय, कोणत्याही वायरपासून वीतभर लांब, पत्र्याच्या आवरणात. मास्तर गेल्यावर तो चालू राहतो. कॉन्टॅक्ट स्वच्छ आहेत, सूर हललेला नाही.

राहिलेलं: खालच्या मॅन्युअलवरचा सगळ्यात वरचा डी दाबल्यावर उशिरा वर येतो, लाकूड फुगलंय, पाऊस संपेपर्यंत घासणार नाही. उरलेल्या अकरा डिव्हायडरसाठी सीडी ४०२४ चे अडॅप्टर आधीच करून डब्यात ठेवायचेत, पाच झाले. पिकोचा प्रोग्राम भरलेला एक जादा बोर्ड पाकिटात घालून फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, वर मराठीत लिहिलंय कोणती वायर कुठे लावायची.